वस्तऱ्याने दाढी आणि वस्तऱ्याची धार: नाशिकमध्ये सुरुवात करणाऱ्यांसाठी

वस्तऱ्याने दाढी करायला शिकणं आणि वस्तऱ्याला धार लावायला शिकणं ही दोन वेगळी कामं आहेत. दोन्ही एकदम, एकाच वस्तऱ्यावर सुरू केलीत तर गाल चरचरल्यावर दोष हाताचा की धारेचा हे कळायला काही मार्गच उरत नाही. बहुतेक जण इथेच वैतागतात आणि वस्तरा कपाटात जातो. म्हणून खालचा क्रम मुद्दाम असा ठेवला आहे: जाणकाराने धार लावलेला वस्तरा आधी मिळवायचा, धार सरळ करणारा चामड्याचा पट्टा वापरायला शिकायचा, गालावर हात बसवायचा, आणि धार लावायचा दगड सगळ्यात शेवटी विकत घ्यायचा. उत्साहाच्या भरात लोक नेमकं उलटं करतात. मोठ्या खर्चाचे दगड घरात येतात आणि पट्ट्यावर वस्तरा कसा उलटवायचा ते माहीत नसतं.

१. कोणता वस्तरा म्हणतोय ते आधी स्पष्ट करू

सलूनमध्ये हल्ली दिसतो त्या वस्तऱ्यात दुधारी ब्लेड मधोमध मोडून अर्धं बसवतात आणि गिऱ्हाईक बदललं की ब्लेड बदलतात. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी हे रक्तातून पसरतात, त्यामुळे सलूनमध्ये हेच योग्य आहे. आपण बोलतोय तो अखंड पोलादी पात्याचा, मुठीत मिटणारा वस्तरा. जिलेट यांना त्यांच्या सेफ्टी रेझरचं पेटंट मिळालं १९०४ साली. तोवर बहुतेकांची दाढी म्हणजे हाच वस्तरा.

‘आधी सलूनच्या वस्तऱ्यावर हात बसवा, मग पुढचं बघा’ असा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. खिशाच्या दृष्टीने तो बरोबर आहे. हाताच्या दृष्टीने मला तो पटत नाही. अर्ध्या ब्लेडचे कोपरे टोकदार असतात, दांडा हलका असतो आणि कोन जरा चुकला की लगेच रक्त. अखंड पातं त्या मानाने समजूतदार असतं. त्याला स्वतःचं वजन असतं, त्यामुळे दाबायची सवय लागत नाही. हे प्रकरण आपल्याला झेपेल का एवढंच बघायचं असेल तर स्वस्तातला ब्लेडचा वस्तरा जरूर आणा, पण त्यावर कापलं म्हणून नाद सोडू नका.

२. सामान

- वस्तरा, धार लावून दाढीला तयार असलेला
- चामड्याचा पट्टा, अडीच ते तीन इंच रुंद, मागे कॅनव्हासची किंवा जाड सुती पट्टी असलेला
- दाढीचा ब्रश, आणि साबण किंवा ट्यूबमधलं क्रीम (फवाऱ्याचा फोम नको, तो पटकन सुकतो)
- तुरटीचा खडा
- मऊ सुती फडकी
- शिलाई मशीनचं तेल, एक छोटी बाटली

दगड या यादीत मुद्दाम घेतलेला नाही.

३. वस्तरा निवडताना

पात्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागांत सांगतात. नवख्याने ५/८ किंवा ६/८ घ्यावा. ५/८ म्हणजे साधारण १६ मिलिमीटर. त्याहून रुंद पातं नाकाखाली अडचणीचं होतं, आणि अरुंद पात्याचा कोन सांभाळताना सुरुवातीला तारांबळ उडते. टोक गोल घ्या. चौकोनी टोक कानाची पाळी आणि नाकपुडी दोन्ही शोधून काढतं. पातं दोन्ही अंगांनी किती खोलगट घासलंय यावरही बरंच अवलंबून असतं. पूर्ण खोलगट पातं लवचिक असतं आणि खुंट कापताना बारीक आवाज करतं, तर अर्धं खोलगट थोडं दणकट असतं. पहिल्या वस्तऱ्यासाठी दोन्ही चालतील.

नव्यामध्ये जर्मनीतल्या झोलिंगेन गावचे डोवो, ब्योकर, राल्फ आउस्ट आणि फ्रान्समधल्या तिएरचे तिएर-इसार हे खात्रीचे. बाहेरून मागवलात तर कस्टम ड्यूटी धरून हिशेब करा. आणखी एक, कारखान्यातून आलेली धार थेट गालावर चालेल असं गृहीत धरू नका. विक्रेत्याला सरळ विचारा: ‘हातानं दगडावर शेवटपर्यंत धार लावून देता का?’ उत्तर गोलमोल आलं तर पुढे जा.

फसगत होते ती स्वस्त मालात. ऑनलाइन दुकानांत लाकडी मुठीचे, पात्यावर नक्षी असलेले चकचकीत वस्तरे दिसतात. त्यातले पुष्कळसे शोभेचेच असतात. वस्तऱ्याची पाठ म्हणजे धारेच्या विरुद्ध बाजूची जाड कड. तिची जाडीच धारेचा कोन ठरवते, कारण दगडावर पाठ आणि धार दोन्ही टेकलेली असतात. ५/८ च्या पात्याला साडेचार ते पाच मिलिमीटर जाडीची पाठ असेल तर कोन सोळा ते अठरा अंशांच्या आसपास येतो, आणि दाढीला तोच लागतो. या मालात पाठ नुसती दिसण्यापुरती घडवलेली असते आणि पोलाद मऊ असतं. जगातला कुठलाही दगड त्याला धार देऊ शकत नाही. गोल्ड डॉलर या चिनी ब्रँडचा वस्तरा हा वेगळा प्रकार आहे. त्याचं पोलाद बरं असतं, पण घडण ओबडधोबड असते आणि टाचेजवळचा, म्हणजे पात्याच्या मुठीकडच्या टोकाजवळचा, जाड भाग घासून काढल्याशिवाय पातं दगडावर नीट बसत नाही. हे काम नवख्याचं नाही.

जुना वस्तरा घरातल्या ट्रंकेत सापडला, किंवा गंगाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात एखाद्या फडक्यावर दिसला, तर घाई करू नका. इंग्लंडमधल्या शेफील्डचा किंवा झोलिंगेनचा शिक्का बघून हुरळूनही जाऊ नका. पातं उजेडासमोर धरून धारेवर केसाएवढी भेग आहे का बघा. भेग असेल तर तो वस्तरा संपला. गंजाचे काळे खड्डे पाठीकडे असतील तर बिघडत नाही, धारेला लागून असतील तर प्रत्येक घासण्यात धार तिथे तुटत राहणार. पातं सपाट काचेवर ठेवून हलकेच दाबा. खटखट हललं तर ते पिळलेलं आहे. धार मधोमध किंचित बाहेर आलेली असेल तर चालतं, मधोमध आत गेलेली असेल तर नको. मूठ जुन्या सेल्युलॉइडची असेल आणि तिला कापरासारखा आंबूस वास येत असेल तर ती सडते आहे. सडताना सुटणाऱ्या वायूने तिच्यातलं पातं गंजतं आणि शेजारी ठेवलेली दुसरी पातीही गंजतात.

जुन्या नाशकात, पंचवटीत सलूनच्या वयस्कर कारागिरांपैकी काहींनी उमेदीच्या काळात अखंड पात्यावरच हात चालवलेला असतो. दुपारच्या निवांत वेळी दुकानात जाऊन ‘काका, अखंड पात्याच्या वस्तऱ्याला धार कशी लावायचात?’ एवढं विचारा. धोकटीतून एखादा गुळगुळीत दगड बाहेर येण्याची शक्यता बरीच आहे. अशा हातांनी वस्तरा नुसता बघून दिला तरी अर्धी फसगत टळते.

४. पट्टा

पट्टा नवी धार तयार करत नाही. दाढी करताना धारेचं अतिशय पातळ टोक वाकतं, ते सरळ करणं आणि स्वच्छ करणं हे त्याचं काम. म्हणून दर दाढीआधी पट्टा.

पट्टा कमरेच्या उंचीवर भक्कम कडीला अडकवा आणि दुसरं टोक डाव्या हाताने ताणून धरा. त्यात झोळ पडला की धार गोल, म्हणजे बोथट होते. वस्तरा पट्ट्यावर आडवा सपाट ठेवा, पाठ आणि धार दोन्ही टेकलेली. सरकवताना पाठ पुढे, धार मागून. दगडावर याच्या बरोब्बर उलट, म्हणजे धार पुढे असते. ही अदलाबदल डोक्यात पक्की बसेपर्यंत हात सावकाश चालवा.

पट्ट्याच्या टोकाला पोचलात की वस्तरा पाठीवर उलटवायचा. पाठ चामड्यावरच राहते, धार वर उचलली जाते आणि दुसऱ्या बाजूला येते. उलटवणं बोटांनी करायचं, पात्याच्या मानेशी, म्हणजे पातं आणि मूठ यांमधल्या अरुंद भागाशी, अंगठा आणि तर्जनी ठेवून. मनगट स्थिर. धारेवर उलटवला की एका क्षणात पट्ट्याला चीर जाते आणि धारही गोल होते. पहिल्या पट्ट्याला अशा चिरा पडणार हे धरून चाला आणि पहिला पट्टा स्वस्तातला घ्या. त्याआधी जेवणाच्या टेबलावरची बोथट सुरी घेऊन हीच हालचाल करून बघा, ती फार उपयोगी पडते.

आधी कॅनव्हासवर २०–३० जाऊन-येऊन फेऱ्या, मग चामड्यावर ५०–६०. दाब नाही, फक्त पात्याचं वजन आणि टेकलेलं राहील इतपत हात. सिनेमात दिसतो तो खटाखट वेग धारेला काहीही देत नाही.

कमरेचा जुना पट्टा चालत नाही. त्यावर रंगाचा थर असतो, कडेला शिवण असते. चपला-बॅगांचं चामडी काम करणाऱ्या कारागिराकडे वनस्पतीच्या सालीत कमावलेलं, रंग न दिलेलं, तीन मिलिमीटरच्या आसपास जाडीचं चामडं मागा आणि सपाट फळीवर चिकटवून घ्या. सुरुवातीला हा फळीवरचा पट्टा लटकत्या पट्ट्यापेक्षा सोपाच जातो, कारण झोळाचा प्रश्न नसतो. त्याला खोबरेल लावू नका. हाताचा तळवा रोज घासलात की पुरे.

५. चेहरा आणि फेस

अंघोळीनंतर दाढी करा. नाहीतर गरम पाण्याचा टॉवेल दोन-तीन मिनिटं धरा. फेस फेटलेल्या दह्यासारखा हवा, ओला आणि चमकणारा. कोरडा, हवा भरलेला फेस दिसतो मोठा पण पातं घसरू देत नाही. गंगापूर धरणाच्या नळाच्या पाण्यात फेस सहज येतो. बोअरचं किंवा टँकरचं क्षाराचं पाणी असेल तर तो येतो आणि लगेच बसतो. अशा घरी प्यायच्या आरओ फिल्टरचं कपभर पाणी ब्रशसाठी घ्या, साबण वाढवत बसू नका.

६. पहिली दाढी

सुट्टीच्या दिवशी. पहिल्या वेळी फक्त दोन्ही गाल, कल्ल्यांपासून जबड्याच्या हाडापर्यंत. बाकीचा चेहरा नेहमीच्या रेझरने. गाल सहज जमायला लागले की जबडा आणि मान, त्यानंतर मिशीची जागा आणि सगळ्यात शेवटी हनुवटी. हनुवटीवर केस दाट, वळण तीव्र, आणि जागा अशी की पात्याचा कोन दर सेंटिमीटरला बदलावा लागतो. पहिल्याच दिवशी सगळी दाढी उरकायची हौस बहुतेकांना तिथेच महागात पडते.

वस्तरा धरताना तीन बोटं पात्याच्या मानेवर वरून, अंगठा खालून आणि करंगळी शेपटीवर, म्हणजे मुठीच्या खिळ्यापलीकडे आलेल्या वळणदार टोकावर. मूठ उघडून वरच्या बाजूला. पातं आधी गालावर पूर्ण सपाट टेकवा, मग पाठ उचला. पाठीच्या जाडीएवढं अंतर सुटलं की थांबा. तीस अंशांच्या पुढे पातं खरवडायला लागतं, आणि अगदीच सपाट ठेवलं तर केस ओढतं.

आता डावा हात. खरी दाढी तोच करतो. रामकुंडावर मुंडनं चालतात तिथे जरा वेळ उभे राहून बघा, पण वस्तऱ्याकडे बघू नका. दुसऱ्या हाताचा अंगठा आणि बोटं डोक्याची कातडी कशी पुढे-पुढे ताणत जातात, वस्तरा पोचण्याआधी तो हात तिथे कसा पोचलेला असतो, ते बघा. गालावर हेच करायचं. बोटं कोरडी ठेवून कल्ल्याच्या वर, कानासमोर टेकवायची आणि कातडी वर ताणायची. बोटं फेसाने निसटत असतील तर ओली तुरटी बोटांवर घासा, पकड येते.

हात छोटे मारा, अर्धा-पाऊण इंचाचे, वरून खाली, केसांच्या दिशेने. पातं नेहमी धारेला काटकोनात पुढे जायला हवं. त्याच्या लांबीच्या दिशेने जराही सरकलं की कापलंच समजा. बहुतेक खोल जखमा या आडव्या सरकण्यातून होतात. धार चांगली असेल तर केस कापल्याची बारीक खरखर ऐकू येते आणि पातं न दाबता पुढे जातं. केस ओढले जात असतील तर आधी कोन तपासा, मग कातडीचा ताण. दोन्ही बरोबर असूनही ओढत असेल तर थांबा. जोर लावून कापायचं नाही.

केस कुठल्या दिशेने वाढतात ते आधी कोरड्या चेहऱ्यावर तळवा फिरवून बघून ठेवा, दोन दिवसांच्या वाढीवर चांगलं कळतं. मानेवर पुष्कळांचे केस आडवे वाढलेले असतात. तिथे वरून खाली म्हणजे सरळ हात असं धरून चाललात तर फोड येतात. उलटा, म्हणजे केसांच्या विरुद्ध दिशेने हात मारायची घाई नको. दुसरा फेस लावून आडवा हात मारलात तरी बाहेर जाण्याइतकी गुळगुळीत दाढी होते.

काही गोष्टी नियम म्हणून पाळा. वस्तरा हातातून सुटला तर पकडायला जाऊ नका, पाय मागे घ्या आणि पडू द्या. पातं नळाखाली धुताना धार नळाला किंवा बेसिनला लागली की तिथे दात पडतो, त्यामुळे फेस फडक्यावर टिपा, पाठीच्या बाजूने. मुलं घरात असतील तर कडी लावा. मुरूम फुललेल्या जागेवर वस्तरा नको. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

दाढीनंतर थंड पाणी, मग ओल्या तुरटीचा खडा चेहऱ्यावर फिरवा. बारीक कापलेलं बंद होतं, शिवाय कुठे जास्त दाब पडला ते कळतं. जिथे जास्त झोंबतं तिथे पुढच्या वेळी हात हलका.

७. धार गेली की नाही

नवखा माणूस फार लवकर दगडाकडे धावतो. चांगली धार पट्ट्याच्या जोरावर बरेच आठवडे टिकते. मात्र पट्टा नीट मारूनही सलग दोन-तीन दाढ्यांमध्ये, आणि तेही गालासारख्या सोप्या जागी, केस ओढायला लागले तर धारेला दगड हवा. तोही फक्त शेवटचा, बारीक दगड. खरखरीत दगडावर दर वेळी जायचं म्हणजे पात्याचं आयुष्य घासून टाकायचं.

८. दगड घेताना

आधी कुठे जायचं नाही ते. रस्त्यावर फिरणाऱ्या चाकू-कात्रीच्या धारवाल्याकडे वस्तरा देऊ नका. कोरड्या चाकावर पातळ पातं क्षणात तापतं आणि निळं पडलं की पोलादाचं पाणी उतरलं. ते परत येत नाही. हार्डवेअरच्या दुकानातला करड्या रंगाचा दुहेरी दगड विळी-सुरीसाठी आहे.

वस्तऱ्याला लागतात ते पाण्यावर चालणारे बारीक दगड: १०००, मग ३००० ते ५००० मधला एक, मग ८०००, आणि शेवटी १२००० किंवा त्याच्या तोडीचा (आकडा जितका मोठा तितका दगड बारीक). जपानी किंग, नानिवा, शॅप्टन आणि अमेरिकन नॉर्टन ही नेहमीची नावं. बेल्जियमच्या खाणीतला कोटिक्युल दगड नामांकित आहे, पण त्यावर हात बसायला वेळ लागतो. पहिला दगड म्हणून नको. किंगचा १००० पाण्यात दहा-पंधरा मिनिटं भिजवावा लागतो. शॅप्टनला नुसतं पाणी शिंपडायचं. तो भिजवत ठेवू नका.

कमी खर्चात सुरुवात करायची असेल तर माझं मत लॅपिंग फिल्मच्या बाजूने आहे. ऑप्टिकल फायबरचे जोड घासायला वापरतात तीच ही प्लास्टिकची बारीक फिल्म. १२, ५, ३ आणि १ मायक्रॉनची एकेक शीट (इथे आकडा जितका लहान तितकी फिल्म बारीक), आणि काचेच्या दुकानातून कडा घासून घेतलेला १० किंवा १२ मिलिमीटर जाडीचा काचेचा तुकडा. काचेवर पाणी शिंपडून फिल्म चिकटवायची. ती नेहमी सपाट असते, त्यामुळे दगड सपाट करण्याची अर्धी डोकेदुखी वाचते. सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये काम करणारा कुणी ओळखीचा असेल तर त्याला विचारा, अशा मालाचे पुरवठादार त्यालाच माहीत असतात.

शिवाय एक भिंग हवं. सराफ बाजारात सोनार-जवाहिऱ्यांची भिंगं मिळतात. दहापट मोठं दाखवणारं चालेल, तीसपट किंवा जास्त असेल तर उत्तमच. भिंगाशिवाय धार लावणं म्हणजे नुसता अंदाज.

९. दगडावर

पहिल्यांदा दगड सपाट करा. त्यावर पेन्सिलने आडव्या-उभ्या रेघा मारा. मार्बल-ग्रॅनाइटच्या दुकानातून पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटचा उरलेला तुकडा आणा, त्यावर २२० किंवा ४०० नंबरचा वॉटर पेपर ओला करून पसरा आणि दगड घासा. सगळ्या रेघा गेल्या की दगड सपाट. नव्या दगडालाही हे लागतं. घासल्यावर दगडाच्या कडा किंचित मोडून घ्या, नाहीतर पात्याला खाच पडते.

पाठीवर इन्सुलेशन टेपचा एक थर लावा, म्हणजे पाठ झिजत नाही. टेप फाटायला लागली की बदला. पण एकदा लावलीत की शेवटच्या दगडापर्यंत तेवढाच थर ठेवा, कारण टेप काढली की कोन बदलतो आणि बारीक दगड धारेपर्यंत पोचतच नाही. बारीक दगडावर जाताना जुनी टेप काढून ताजी लावा, तिच्यात खरखरीत दगडाचे कण अडकलेले असतात.

आता १००० वर. सगळी खरी मेहनत इथे आहे. पात्याच्या दोन्ही बाजूंचे छोटे उतार, म्हणजे बेव्हल, टोकाला एका रेषेत मिळाले पाहिजेत. ते इथे मिळाले नाहीत तर पुढचे सगळे दगड न मिळालेली धार चकचकीत करत बसतात. धार लावण्यातली बहुतेक निराशा ही १००० वरून लवकर उठल्याची निराशा असते.

धारेच्या कडेला काळ्या मार्करची रेघ ओढा, दोन्ही बाजूंना. वस्तरा दगडावर सपाट, पाठ आणि धार दोन्ही टेकलेली, धार पुढे. पातं तीन इंचांच्या आसपास लांब आणि दगड बहुधा त्याहून अरुंद, म्हणून हात सरळ पुढे नेऊन भागत नाही. टाच दगडावर ठेवून सुरू करा आणि पुढे जाताना वस्तरा तिरका बाहेर ओढत न्या, म्हणजे टोकाकडचा भाग शेवटी दगडावर येईल. पाच-सहा हात मारून बघा. शाई कुठे गेली आणि कुठे राहिली? ऐन धारेवर बारीक काळी रेघ उरली असेल तर दगड अजून धारेपर्यंत पोचलेला नाही. टाचेकडे किंवा टोकाकडेच उरली असेल तर पातं तिथे किंचित वाकडं आहे, तिथे हात थोडा वळवून घ्या.

सुरुवातीला बोटांचा हलका दाब चालतो. जसजसे उतार मिळत येतील तसतसा दाब कमी करत आणा. पाण्याकडे लक्ष ठेवा. सुरुवातीला पातं पाणी पुढे ढकलतं. धार मिळायला लागली की ती पाण्याच्या खाली शिरते आणि पाणी पात्यावर चढतं, टाचेपासून टोकापर्यंत सलग पट्टा दिसतो. एखाद्या जागी पाणी चढत नसेल तर त्या जागेचं काम बाकी आहे.

मग पातं पुसा आणि टेबललॅम्पखाली धार सरळ वर करून धरा. खरी धार उजेडात दिसत नाही. कुठेही चमकणारा ठिपका दिसला तर तिथे उतार मिळालेले नाहीत. भिंगाखाली ओरखडे ऐन टोकापर्यंत गेलेले दिसले पाहिजेत. हाताच्या त्वचेला लागून पातं फिरवलं तर पूर्ण लांबीभर सारखे केस निघाले पाहिजेत, नुसते मधल्या भागात नव्हे. या सगळ्या परीक्षांत उतरल्याशिवाय पुढचा दगड ओला करू नका.

पुढे सोपं आहे. ३०००–५००० वर १००० चे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत, मग ८००० वर त्याचे. दर दगडाआधी पातं, हात आणि टेबल धुऊन घ्या, कारण खरखरीत दगडाचा एक कण बारीक दगडावर गेला की धारेवर रेघ ओढतो. दर दगडावर शेवटचे हात नुसत्या पात्याच्या वजनाने. १२००० वर किंवा १ मायक्रॉनच्या फिल्मवर दाब अजिबातच नाही. इथे हात वाढवून धार आणखी वाढेल असं वाटतं, प्रत्यक्षात धारेचं टोक तारेसारखं पातळ होऊन सुटायला लागतं. पंचवीस-तीस हात झाले की उठा.

हवं असेल तर क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पूड किंवा पेस्ट वेगळ्या सुती पट्टीवर लावून दहाएक फेऱ्या. रोजच्या चामड्याच्या पट्ट्यावर ती कधीही लावू नका. मग कॅनव्हास, मग चामडं, आणि दाढी करून बघा. केस उभा धरून धारेवर टेकवायची परीक्षा लोकांना फार आवडते, पण प्रत्येकाच्या केसाची जाडी वेगळी. अंतिम निकाल गालावरच लागतो. ओढलं तर आधी १२००० वर परत जा. तरी ओढलं तर भिंग घेऊन १००० चं काम तपासा, दोष बहुधा तिथे सापडतो.

१०. पावसाळा, थंडी, प्रवास

कार्बन पोलादाचा शत्रू पाणी. दाढीनंतर पातं टिपा, मग पट्ट्याच्या कॅनव्हासवर चार फेऱ्या मारा म्हणजे धारेवरचा ओलावा जातो. मुठीच्या आत, खिळ्यापाशी पाणी साचतं आणि गंज तिथून सुरू होतो. तिथे फडक्याचं टोक घाला आणि वस्तरा तासभर उघडा ठेवून मग मिटा. बाथरूममध्ये ठेवू नका.

जून ते सप्टेंबर नाशिकची हवा ओली असते. रोज वापरत नसाल तर पात्याला मशीनच्या तेलाचा पातळ हात लावा आणि डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. खोबरेल नको. नाशिकच्या थंडीत ते गोठतं, आणि उन्हाळ्यात चिकट होऊन धूळ धरतं. चामड्याच्या पट्ट्यालाही पावसाळ्यात बुरशी येते. तो कपाटात गुंडाळून न ठेवता हवेवर टांगा. बुरशी आलीच तर कोरड्या फडक्याने पुसून सावलीत वाळवा, उन्हात नाही. दगड वापरल्यावर सावलीतच वाळवा, ओले डब्यात भरू नका.

विमानाने जाणार असाल तर वस्तरा चेक-इनच्या बॅगेत. हातातल्या बॅगेत सापडला तर सुरक्षा तपासणीत काढून घेतील, आणि तो परत मिळत नाही.